ज्याने पाया घातला, त्याचा दिवस कोणता?

हैतीचा स्वातंत्र्यदिन १ जानेवारीला येतो. दुसऱ्या दिवशी पूर्वजांचे स्मरण होते. १८ मे हा ध्वजदिन, तर १८ नोव्हेंबर हा व्हेर्तिएरच्या विजयाचा दिवस. ध्वज सिद्ध झाला १८०३ च्या मे महिन्यात, विजय लाभला त्याच नोव्हेंबरात आणि स्वातंत्र्य घोषित झाले १८०४ साली. या साऱ्यापूर्वी, ७ एप्रिल १८०३ रोजी, तूसां लुव्हेर्त्यूर फ्रान्सच्या ज्यूरा पर्वतातील एका किल्ल्यात कैदी म्हणून निवर्तला होता.

तूसां ब्रेडाच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मला. तेथे तो घोडागाडी हाकीत असे. फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वीच तो मुक्त झाला होता. १७९१ च्या ऑगस्टमध्ये उसाचे मळे पेटले, तेव्हा तो पन्नाशीकडे झुकलेला होता. प्रथम तो स्पेनच्या बाजूने लढला. १७९४ साली फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली, त्याच वर्षी तो फ्रान्सकडे वळला. १७९८ मध्ये त्याने इंग्रजांना माघार घ्यावयास लावली. त्याच्या १८०१ च्या राज्यघटनेने गुलामगिरी कायमची निषिद्ध ठरविली.

परंतु त्याच घटनेने त्याला तहहयात गव्हर्नर केले. मुक्त मजुरास मळा सोडण्याची मुभा मात्र राहिली नाही. साखर व कॉफी निर्यात झाली नाही, तर शस्त्रे आणावयाची कोठून, हा त्याचा विचार निराधार नव्हता. तथापि ज्यांच्या बळावर तो उभा होता, तेच त्यामुळे दुरावले. मजुरांनी बंड केले, तेव्हा मानलेला पुतण्या मोईज यालाही त्याने देहदंड दिला.

१८०२ साली नेपोलियनचे सैन्य येऊन थडकले. तूसांने तह केला. जूनमध्ये भेटीच्या निमित्ताने बोलावून त्याला कैद करण्यात आले. त्याच वर्षी ग्वादलूपमध्ये गुलामगिरी पुन्हा लादली गेली, तेव्हा फ्रान्सच्या शब्दाची किंमत सर्वांना कळली आणि देसालिनने लढा तडीस नेला.

स्वातंत्र्य मिळाले, तरी हिशेब संपला नाही. १८२५ साली फ्रान्सने मान्यतेपोटी पंधरा कोटी फ्रँक मागितले. मुक्त झालेल्यांनी जुन्या मालकांची भरपाई करावी, असा हा उफराटा न्याय होता. पुढे रक्कम नऊ कोटींवर आली. पण तिच्यासाठी काढलेल्या कर्जांचा बोजा विसाव्या शतकापर्यंत पुरला.

तूसांची थोरवी निर्विवाद आहे. तरीही मालकाच्या वचनावर विसंबणारी मुक्तता टिकत नाही आणि कष्टकऱ्याला मळ्याशी जखडणारी मुक्तता अपुरी राहते, हे दोन्ही धडे त्याच्याच चरित्रात आहेत. स्वातंत्र्यदिन साजरे करणाऱ्या कोणत्याही राष्ट्राने ते विसरता कामा नयेत.