नको त्या दिशेला गप्प बसणारी अँटेना : स्ट्रासबर्गच्या ब्राऊन सरांची गोष्ट

सिल्वासा : गच्चीवरची दूरदर्शनची अँटेना ज्यांनी हाताने फिरवली आहे, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असेल. अँटेना थोडी वाकडी केली की कधी कधी चित्र उलट जास्त स्वच्छ यायचं. कारण साधं होतं. नको असलेली लहर अँटेनाच्या बहिऱ्या बाजूला जायची. या बहिरेपणाचा मुद्दाम उपयोग करून घेणाऱ्या पहिल्या माणसांत कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांचं नाव घ्यावं लागतं.

ब्राऊन यांचा जन्म ६ जून १८५० चा, जर्मनीतल्या फुल्डा गावचा. १८७२ मध्ये बर्लिनला तारांच्या कंपनांवर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पण लगेच प्राध्यापकी कुठली मिळायला? लाइपझिगच्या शाळेत मास्तरकी धरली. १८७४ मध्ये त्यांच्या लक्षात आलं, की काही खनिज स्फटिकांतून वीज एका बाजूने सहज जाते, उलट बाजूने अडते. पुढे आपल्या आजोबांच्या काळातले क्रिस्टल रेडिओ याच गुणावर चालले. त्या वेळी मात्र कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

१८९५ पासून ते स्ट्रासबर्गला भौतिकशास्त्र संस्थेचे प्रमुख. हे शहरही सीमेवरचंच. कधी फ्रान्सचं, कधी जर्मनीचं. १८७१ नंतर जर्मनीकडे आलेलं. १९५४ च्या २ ऑगस्टला पोर्तुगीज निशाण उतरलेलं ज्या गावाने पाहिलं, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. इथेच १८९७ मध्ये ब्राऊन यांनी कॅथोड किरणांची नळी बनवली. जुन्या डबा टीव्हीची पिक्चर ट्यूब म्हणजे हिचीच नात. तिचं पेटंट त्यांनी घेतलंच नाही. ज्याला हवी त्याने वापरावी, असा सगळा कारभार.

मग बिनतारी संदेश. मार्कोनीच्या सुरुवातीच्या यंत्रात ठिणगी थेट अँटेनाच्या तारेतच पडायची. त्यामुळे लहर पसरट निघायची आणि लवकर दमायची. ब्राऊन यांनी ठिणगीचं सर्किट वेगळं काढून अँटेनाला फक्त वेटोळ्यांतून जोडलं. पल्ला वाढला, ट्यूनिंग नेमकं झालं. १९०० मध्ये कुक्सहाफेनहून हेलगोलँड बेटापर्यंत, सुमारे ६२ किलोमीटर, संदेश जाऊ लागले. १९०९ चं नोबेल मार्कोनी आणि ब्राऊन यांना वाटून मिळालं. मार्कोनी घराघरांत पोचला, ब्राऊन पुस्तकातच राहिले.

पण ट्यूनिंग नेमकं झालं तरी एक कटकट उरलीच. लहर चारी बाजूंना जाते. आपला निरोप शत्रूही ऐकतो, आणि शेजारच्या स्टेशनच्या कामात आपली लुडबुड होते ती वेगळीच. १९०५ मध्ये स्ट्रासबर्गजवळ ब्राऊन यांनी तीन उभ्या अँटेना त्रिकोणात रोवल्या आणि त्यांना वीज थोडी मागेपुढे दिली.

समजा दोनच खांब आहेत, एक मागे, एक पुढे. अंतर पाव तरंगलांबी. पुढच्या खांबाला पाव आवर्तन उशिरा चालू केलं. मागची लहर पुढच्या खांबापाशी पोचायलाही पाव आवर्तनच लागतं. म्हणजे पुढच्या दिशेला दोन्ही लहरी ताल धरून चालतात, जोर वाढतो. मागच्या दिशेला मात्र पुढच्या खांबाची लहर आधीच पाव उशिरा निघालेली, प्रवासात आणखी पाव उशीर. एकूण अर्धं आवर्तन. एकीचा उंचवटा दुसरीच्या खड्ड्यावर पडतो आणि तिथे शांतता. ढोलपथकात एकाने ठोका उलटा धरला की ताल मोडतो ना, तसंच. फक्त इथे तो ठरवून मोडायचा. त्रिकोणाची गंमत अशी, की कुठल्या खांबाला उशीर द्यायचा ते बदललं की खांब न हलवता दिशा फिरते.

आजच्या फेज्ड अॅरे रडारमध्ये असे शेकडो, हजारो छोटे घटक असतात. प्रत्येकाची वेळ आणि जोर संगणक क्षणाक्षणाला बदलतो, आणि जिकडून गोंगाट येतो नेमका तिकडेच तो शांत कोपरा नेऊन ठेवतो. ऐकतानाही हेच गणित चालतं. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांचे संकेत जुळवून एकत्र करतात तेव्हा लहरींच्या वेळेचाच हिशेब असतो.

ब्राऊन यांचा शेवट मात्र चटका लावणारा. पहिलं महायुद्ध पेटलेलं. न्यूयॉर्कजवळच्या सेव्हिल इथल्या जर्मन बिनतारी स्टेशनवर पेटंटचा खटला उभा राहिला. ते स्टेशन बंद पडलं तर जर्मनीचा अमेरिकेशी संपर्क धोक्यात येणार होता. साक्ष द्यायला साठी ओलांडलेले, तब्येतीने खचलेले ब्राऊन १९१४ च्या अखेरीस समुद्रमार्गे निघाले. पोचले, पण परतीची वाट युद्धाने बंद केली. १९१७ मध्ये अमेरिकाही युद्धात उतरली आणि नोबेल मिळवलेला हा म्हातारा एका रात्रीत शत्रुदेशाचा नागरिक ठरला. त्यांना कैदेत टाकलं नाही, मुलाकडे ब्रुकलिनला राहू दिलं. समुद्रापार निरोप पाठवायची वाट ज्यांनी सोपी केली, त्यांनाच घरी जायला वाट नव्हती.

२० एप्रिल १९१८ ला ब्रुकलिनमध्येच ते गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्ट्रासबर्गवर फ्रान्सचं निशाण चढलं. त्यांच्या अस्थी नंतर जन्मगावी, फुल्डाला नेण्यात आल्या.