मार लपवून न ठेवणाऱ्या बहिणाबाई

संत तुकारामांच्या शिष्या बहिणाबाई यांचा जन्म १६२८ मध्ये वेरूळजवळच्या देवगावात झाला. खान्देशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी वेगळ्या. त्या सुमारे अडीचशे वर्षांनंतरच्या. संत बहिणाबाईंचे लग्न वयाच्या तिसऱ्या वर्षी शिऊरच्या गंगाधर पाठक यांच्याशी झाले. नवरा तीस वर्षांचा बिजवर. पुढे कर्ज आणि भाऊबंदकीच्या त्रासाने आईवडील, जावई आणि मुलगी असे सारे कुटुंब गाव सोडून निघाले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर असे फिरत, भिक्षा मागत ते कोल्हापुरात पोहोचले. तेव्हा बहिणाबाई अकरा वर्षांच्या होत्या.

कोल्हापुरात घरी एक गाय आली आणि तिच्या वासराचा बहिणाबाईंना लळा लागला. त्या जातील तिथे वासरू मागे, अगदी कीर्तनालाही. जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले. स्वामींनी एकदा या मुलीच्या आणि वासराच्या डोक्यावर कौतुकाने हात ठेवला. ही बातमी गावभर झाली आणि घरी पोहोचली. नवऱ्याने वेणी धरून त्यांना बेदम मारले आणि बांधून ठेवले. गाय-वासराने चारापाणी सोडले. काही दिवसांत वासरू मेले आणि बहिणाबाई तीन दिवस शुद्धीवर नव्हत्या.

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान आज करता येत नाही. पण जबर मार आणि जिवलगाचा मृत्यू पाठोपाठ आले, की भूक, झोप, बोलणे, भान हे सारे बिघडू शकते, हे दवाखान्यात नेहमी दिसते. मनाच्या जखमेला शरीरही उत्तर देते.

त्या अवस्थेत बहिणाबाईंना तुकोबांचे स्वप्नदर्शन झाले आणि त्यांनी तुकोबांना गुरू मानले. ब्राह्मण घरातील स्त्रीने शूद्र मानलेल्या संताला गुरू करणे नवऱ्याला सहन होणारे नव्हते. त्यात बायकोला पाहायला लोक येऊ लागले. मत्सर वाढला. बहिणाबाई गरोदर असताना तो घर सोडून जायला निघाला. नेमका तेव्हाच तो आजारी पडला. महिनाभर बायकोनेच त्याची सेवा केली. त्याला पश्चात्ताप झाला आणि सारे कुटुंब देहूला गेले. तिथे मंबाजीचा जाच झाला, पण तुकोबांचा सहवासही मिळाला. तिथेच मुलगी झाली. १७०० मध्ये, ७२ व्या वर्षी, बहिणाबाईंचे निधन झाले.

हे सगळे आज कळते, कारण बहिणाबाईंनी ते स्वतः अभंगांत सांगून ठेवले. मराठी स्त्रीच्या आत्मकथनांपैकी हे अगदी सुरुवातीचे. त्यात लग्न, वणवण, मार, बेशुद्धी, नवऱ्याचा राग आणि त्याचे बदलणे क्रमाने येते. घरातली मारहाण घरातच ठेवायची असते, हा दंडक त्यांनी पाळला नाही. आपला अपराध म्हणूनही ती सांगितली नाही.

अशा सांगण्याचे महत्त्व आधुनिक मानसशास्त्रानेही तपासले आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील आघाताबद्दल लिहायला सांगितले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा जावे लागले. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम माफकच दिसला आणि लिहिताना सुरुवातीला त्रास वाढू शकतो हेही कळले. तरीही तत्त्व पटण्यासारखे आहे: आघाताची आठवण तुकड्यातुकड्यांनी छळते, तिला शब्द आणि क्रम मिळाला, की ती हळूहळू आपल्या ताब्यात येऊ लागते. ओवी, अभंग, चित्र, गाणे यांतूनही हे घडू शकते.

मात्र बहिणाबाईंचे चरित्र सहनशीलतेचा धडा म्हणून वाचू नये. त्यांनी पतिव्रताधर्म थोर मानला आणि त्या त्याच घरात राहिल्या. त्या काळी दुसरी वाट जवळजवळ नव्हतीच. त्यांचा नवरा बदलला. प्रत्येकीचा बदलेल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय केवळ अभंगांनी त्या सावरल्या नाहीत. मार थांबला, ऐकणारी माणसे मिळाली, देहूत आसरा मिळाला. आधी सुरक्षितता, मग सोबत आणि त्यांच्या आधाराने अभिव्यक्ती, असा हा क्रम आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. आज त्यांच्यासाठी २००५ चा कायदा आहे आणि १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. कारण अशी स्त्री पोलिसांआधी अनेकदा डॉक्टरांसमोर येते आणि जिन्यावरून पडले असे सांगते. तेव्हा तिला एकटीला, शांतपणे विचारणे हाही उपचाराचाच भाग आहे.

आजार अंगावर काढू नये, हे आता सर्वांना पटले आहे. मारही अंगावर काढू नये.