गलगंडाचे शल्यविशारद डॉ. थिओडोर कोखर

एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात गलगंड हा घरोघरी दिसणारा विकार होता. तेथील माती आणि पाण्यात आयोडीन फारच थोडे. त्यामुळे गळ्यातील थायरॉइड, म्हणजेच अवटू ग्रंथी फुगत जाई आणि कित्येकांना श्वास घेणेही जड होई. शस्त्रक्रिया करावी तर या ग्रंथीचा रक्तपुरवठा मोठा. रक्तस्रावाने व जंतुसंसर्गाने रुग्ण दगावत. म्हणून अनेक नामवंत शल्यविशारद या शस्त्रक्रियेपासून दूरच राहणे पसंत करीत.

एमिल थिओडोर कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी बर्न येथे झाला. वैद्यकीय पदवीनंतर त्यांनी युरोपातील मोठ्या शल्यविशारदांचे काम जवळून पाहिले आणि १८७२ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते बर्न विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. मृत्यूपर्यंत, म्हणजे तब्बल ४५ वर्षे, ते या पदावर होते. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत त्यांनी काटेकोरपणे अंगीकारली. प्रत्येक रक्तवाहिनी आधी चिमट्यात धरून बांधायची आणि मगच पुढे जायचे, ही त्यांची शिस्त होती. त्यांच्या नावाचा चिमटा आजही शस्त्रक्रियागृहांत वापरला जातो. त्यांच्या पहिल्या १०१ शस्त्रक्रियांत मृत्यूचे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. पुढे ते एक टक्क्याच्याही खाली आले.

मात्र याच कौशल्यातून एक नवे संकट उभे राहिले. १८७४ मध्ये कोखर यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण अवटू ग्रंथी काढली. जखम उत्तम भरली. काही काळाने तिला पाठविणाऱ्या डॉक्टरांनी कळविले की, मुलगी पूर्वीची राहिलेली नाही; ती मंद व सुस्त झाली आहे. कोखर यांनी त्या वेळी याकडे फारसे लक्ष दिले नाही. १८८२ मध्ये जिनिव्हाचे शल्यविशारद झाक-लुई रेव्हेर्दँ यांनी आपल्या रुग्णांतही असेच बदल दिसल्याचे त्यांना सांगितले, तेव्हा ते सावध झाले आणि त्यांनी जुन्या रुग्णांना परत बोलाविले.

संपूर्ण ग्रंथी काढलेल्या ज्या १८ जणांची तपासणी झाली, त्यांपैकी १६ जण आजारी होते. चेहरा सुजलेला, त्वचा कोरडी, केस विरळ, बोलणे संथ, थंडी सोसवत नाही, बुद्धी मंदावलेली. ती मुलगीही त्यांत होती. नऊ वर्षांत तिची धाकटी बहीण वाढून तरुणी झाली होती. ही मात्र खुजीच राहिली होती. एप्रिल १८८३ मध्ये जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत कोखर यांनी हे सारे मांडले. आपल्या यशस्वी शस्त्रक्रियांनीच रुग्णांना नवा रोग जडविला, हे भर सभेत सांगणे सोपे नव्हते. त्यानंतर त्यांनी साध्या गलगंडात संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. हा शोध प्रथम कोणाचा, यावरून रेव्हेर्दँ यांच्याशी वाद मात्र झाला, आणि त्यात कोखर यांनी आपल्या या सहव्यावसायिकाला पुरेसे श्रेय दिले असे म्हणता येत नाही.

कारणमीमांसेतही त्यांची प्रथम चूकच झाली. श्वासनलिकेला इजा होऊन प्राणवायू कमी पडत असावा, असे त्यांना वाटले. लंडनमधील डॉक्टरांनी मात्र १८८८ पर्यंत दाखवून दिले की, प्रौढांतील मिक्सिडिमा, बालकांतील वाढ खुंटविणारा क्रेटिनिझम आणि कोखर यांच्या रुग्णांचा आजार या तिन्हींचे मूळ एकच आहे: अवटू ग्रंथीच्या कार्याचा अभाव. ही ग्रंथी रक्तात असे काही सोडते की ज्यावाचून शरीर व मेंदू दोन्ही मंदावतात, हे त्यातून उमगले. त्या काळी संप्रेरक हा शब्दही प्रचारात नव्हता.

कोखर यांनी १८८३ मध्येच एका रुग्णाच्या शरीरात अवटू ग्रंथीचे ऊतक बसवून पाहिले होते. खरा मार्ग १८९१ मध्ये सापडला. इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका महिलेला बरे केले. ती पुढे २८ वर्षे जगली. पुढच्याच वर्षापासून हे औषध तोंडावाटे देता येऊ लागले. १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन हे संप्रेरक वेगळे केले. आज मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अवटू ग्रंथीला किती चालना देत आहे, हे रक्तातील टीएसएचच्या तपासणीवरून कळते. अवटू ग्रंथी मंदावली की टीएसएच वाढते. बहुतेक रुग्णांना थायरॉक्सिनची रोजची एक गोळी पुरते. नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून दोष वेळीच ओळखला, तर त्याची बुद्धी वाचविता येते.

अवटू ग्रंथीवरील कार्यासाठी कोखर यांना १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. शल्यविशारदाला मिळालेले ते पहिले नोबेल होय. सुमारे पाच हजार गलगंड शस्त्रक्रिया त्यांच्या नावावर नोंदल्या आहेत. २७ जुलै १९१७ रोजी बर्न येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १९२२ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मिठाचा वापर सुरू झाला आणि गलगंड हळूहळू ओसरला. भारतात हिमालयाच्या पायथ्याशी, कांगडा खोऱ्यात, १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मिठाचा गुण सिद्ध केला. १९६२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला.