जिम रीव्ह्ज : युरोपने जपलेला आवाज

१९६६ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमधील गाण्यांच्या साप्ताहिक क्रमवारीत एक विलक्षण गोष्ट घडली. बीटल्सचा बहर तेव्हा ऐन भरात होता. त्यांची तबकडी चार आठवडे अग्रस्थानी राहून नुकतीच खाली उतरली होती आणि तरुण मंडळी विजेवरच्या गिटारींच्या कल्लोळात न्हाऊन निघत होती. अशा काळात एक संथ, हळवे गाणे पहिल्या क्रमांकावर आले आणि तेथे तब्बल पाच आठवडे मुक्काम ठोकून बसले. ‘डिस्टंट ड्रम्स’ हे ते गाणे. ते गाणारा जिम रीव्ह्ज हा अमेरिकेतील टेक्सास प्रांताचा कंट्री गायक जगाचा निरोप घेऊन दोन वर्षे उलटून गेली होती. ज्या देशात आपल्या वाद्यवृंदासह मैफलींचा रीतसर दौरा करणे त्याला हयातीत जमले नाही, त्या देशाने त्याला मरणोत्तर हा मान दिला.

जिम रीव्ह्जचा जन्म २० ऑगस्ट १९२३ रोजी पूर्व टेक्सासमधील गॅलोवे या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे आणि भावंडांचा गोतावळा मोठा. जिम तान्हा असतानाच वडील वारले आणि सारा भार आईवर पडला. कापसाच्या आणि मक्याच्या शेतांत राबणाऱ्या या कुटुंबाला करमणूक म्हणून काय ती रेडिओची आणि ग्रामोफोनची. रेल्वेत काम केलेला आणि क्षयाने अकाली गेलेला जिमी रॉजर्स हा त्या काळच्या ग्रामीण दक्षिणेचा लाडका गायक होता. त्याच्या तबकड्या ऐकत जिमने लहान वयातच गिटार हाती धरली.

मात्र त्याचे पहिले प्रेम बेसबॉल हेच होते. खेळातील कौशल्यावर त्याला टेक्सास विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली, पण काही आठवड्यांतच शिक्षण सोडून तो ह्यूस्टनच्या जहाजबांधणी कारखान्यात कामाला लागला. १९४४ मध्ये सेंट लुई कार्डिनल्स या नामांकित संघाच्या दुय्यम चमूत चेंडूफेक करणारा खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. तीनेक वर्षे तो खेळला आणि मग चेंडू फेकतानाच पायाकडे जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूला गंभीर इजा झाली. खेळाडू म्हणून पाहिलेले स्वप्न तेथेच संपले. १९४७ मध्ये मेरी व्हाइट या तरुणीशी त्याचा विवाह झाला. पुढे तिनेच त्याच्या कीर्तीचा सांभाळ केला.

संसार चालवण्यासाठी त्याने स्थानिक रेडिओ केंद्रांवर निवेदकाची नोकरी धरली. ही तडजोडच त्याच्या कामी आली. मायक्रोफोनपुढे शब्द कसा ठेवावा, श्वास कसा लपवावा, न दिसणाऱ्या श्रोत्याशी जवळीक कशी साधावी, हे धडे त्याला गाण्याच्या नव्हे तर निवेदनाच्या खोलीत मिळाले. लुइझियानातील श्रीव्हपोर्टच्या केंद्रावरून ‘लुइझियाना हेराइड’ हा लोकप्रिय कार्यक्रम प्रसारित होई. रीव्ह्ज तेथे निवेदक होता. एका रात्री ठरलेला गायक न आल्याने ऐनवेळी त्याला गायला उभे करण्यात आले, अशी कथा सांगितली जाते. १९५३ मधील ‘मेक्सिकन जो’ या गाण्याने तो देशभरातील कंट्री रसिकांना ठाऊक झाला. पाठोपाठ ‘बिम्बो’ हे गाणेही गाजले. १९५५ मध्ये आरसीए व्हिक्टर या बड्या कंपनीने त्याला करारबद्ध केले आणि नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या मानाच्या व्यासपीठावर त्याला स्थान मिळाले.

तोवरचे त्याचे गाणे चढ्या स्वरातले, उडत्या चालीचे होते. त्या काळच्या कंट्री गायकाकडून तीच अपेक्षा असे. १९५७ च्या प्रारंभी ‘फोर वॉल्स’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याने वेगळी वाट धरली. ओठ मायक्रोफोनला जवळजवळ टेकवून, आवाज खर्जात उतरवून, कानात सांगावे तसे तो गायला. कंपनीतील काहींना हे रुचले नाही. निर्माता आणि स्वतः थोर गिटारवादक असलेला चेट अ‍ॅटकिन्स मात्र त्याच्या पाठीशी उभा राहिला. गाणे कंट्रीच्या क्रमवारीत अव्वल आलेच, शिवाय सर्वसाधारण लोकप्रिय गाण्यांच्या यादीतही वर चढले. फिडल आणि स्टील गिटारचे अस्सल गावरान सूर मागे सरले. त्यांच्या जागी पियानो, मंद कोरस आणि पुढेपुढे व्हायोलिनांचा ताफा आला. ‘नॅशव्हिल साउंड’ या नावाने ओळखल्या गेलेल्या शैलीच्या पायाभरणीत या गाण्याचा वाटा मोठा आहे.

हा बदल केवळ अमेरिकेपुरता राहिला असता तर जिम रीव्ह्जचे नाव कदाचित इतिहासाच्या एका प्रकरणापुरते उरले असते. पण याच सुमारास कंट्री संगीत अटलांटिक ओलांडत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत आणि अन्यत्र अमेरिकन फौजांचे तळ राहिले. त्या सैनिकांसाठी चालवले जाणारे लष्करी रेडिओ केंद्र आजूबाजूच्या नागरिकांच्या घरांतही ऐकू येई. टेक्सास आणि टेनेसीच्या पोरांना घरची आठवण यावी म्हणून लावलेली गाणी जर्मन तरुणांच्याही कानी पडू लागली. १९५७ मध्येच रीव्ह्ज अन्य काही गायकांसह या तळांवरील सैनिकांसाठी गाण्यास युरोपात गेला. त्याची युरोपशी प्रत्यक्ष ओळख झाली ती अशी.

१९५९ च्या अखेरीस आलेल्या ‘हील हॅव टू गो’ने ही ओळख दृढ केली. जो आणि ऑड्री अ‍ॅलिसन या दांपत्याने लिहिलेल्या या गाण्याचा प्रसंग साधा आहे. एक प्रियकर बारमधल्या फोनवरून प्रेयसीशी बोलतो आहे आणि तिच्या घरी त्या क्षणी दुसरा कुणी आहे. १९६० मध्ये अमेरिकेच्या कंट्री क्रमवारीत ते १४ आठवडे पहिल्या स्थानावर राहिले. नॉर्वेतही त्याने उदंड लोकप्रियता मिळवली.

युरोपला या गायकात काय गवसले, याचे उत्तर त्याच्या गायकीतच आहे. त्याचा प्रत्येक शब्द स्वच्छ उमटे आणि लय संथ असे. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा नॉर्वेतील वा हॉलंडमधील श्रोत्यालाही अर्थ लागत जाई. गाण्यांत गुरे हाकणारे काउबॉय नव्हते, अमेरिकेबाहेर अनोळखी वाटतील असे संदर्भ नव्हते. होते ते विरह, वाट पाहणे, क्षमा आणि श्रद्धा. आयर्लंडच्या बाबतीत आणखी एक धागा होता. आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांनी अ‍ॅपलेशियन डोंगररांगांत नेलेली लोकगीते हा कंट्री संगीताचा एक मूळ झरा. तो झरा रीव्ह्जच्या आवाजातून परत माहेरी आला, असे म्हणता येईल.

१९६३ च्या मे महिन्याच्या अखेरीस तो आपल्या ‘ब्लू बॉईज’ या वाद्यवृंदासह आयर्लंडला गेला. तेथील वादकांच्या संघटनेने स्थानिक शोबँडनाही कार्यक्रमात स्थान द्यावे, या अटीवर परवानगी दिली होती. गावोगावच्या नृत्यगृहांत रोज नवा मुक्काम, तुडुंब गर्दी आणि जागोजागी बेसूर पियानो! सुराच्या बाबतीत काटेकोर असलेल्या रीव्ह्जने काही ठिकाणी कार्यक्रम आवरता घेतला आणि त्यावरून नाराजीही ओढवून घेतली. तरीही आयरिश श्रोत्यांनी त्याला आपले मानले. शेजारच्या ब्रिटनमध्ये मात्र दार बंदच होते. अमेरिकन वादक येथे वाजवणार असतील तर त्या बदल्यात ब्रिटिश वादकांना अमेरिकेत संधी हवी, असा तेथील संघटनेचा आग्रह होता आणि त्याच्या वाद्यवृंदासाठी तसा करार झाला नाही. रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरच्या हजेरीवर त्याला समाधान मानावे लागले. त्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतही त्याचे नाव घरोघरी पोहोचले होते. त्याने तेथे ‘किंबर्ली जिम’ या चित्रपटात काम केले आणि आफ्रिकान्स भाषा येत नसताना केवळ उच्चार घोकून त्या भाषेतील गाणीही ध्वनिमुद्रित केली.

१९६४ च्या एप्रिलमध्ये चेट अ‍ॅटकिन्स, बॉबी बेअर आणि अनिता केर सिंगर्स यांच्यासमवेत तो पुन्हा युरोपच्या दौऱ्यावर निघाला. ऑस्लोमधील मैफल नॉर्वेच्या दूरचित्रवाणीने चित्रित केली. देखणा सूट, शांत उभे राहणे आणि अंगविक्षेपाविना गाणे असा रीव्ह्ज त्या चित्रफितीत दिसतो. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी ‘आय लव्ह यू बिकॉज’ पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि ३९ आठवडे यादीत टिकले. ‘आय वोन्ट फरगेट यू’ तर तिसऱ्या स्थानापर्यंत गेले. बीटल्सने जग पादाक्रांत केले त्याच वर्षातली ही गोष्ट आहे. चाळिशीतल्या या गायकासमोर युरोपचे दालन नुकते कुठे पूर्ण उघडत होते.

३१ जुलै १९६४ रोजी आपला पियानोवादक आणि व्यवस्थापक डीन मॅन्युएल याच्यासह रीव्ह्ज आर्कान्सॉमधील बेट्सव्हिलहून नॅशव्हिलकडे परतत होता. लहानसे एका इंजिनाचे विमान तो स्वतः चालवत होता. नॅशव्हिल नजरेच्या टप्प्यात आले असताना विमान वादळी पावसात सापडले आणि ब्रेंटवूडजवळच्या झाडीत कोसळले. शेकडो लोक शोधासाठी रानात उतरले, त्यांत त्याचे सहकारी गायकही होते. २ ऑगस्टच्या सकाळी अवशेष सापडले. एक्केचाळिसावा वाढदिवस अवघ्या तीन आठवड्यांवर आला होता. टेक्सासमधील कार्थेजजवळ, जन्मगावापासून थोड्याच अंतरावर त्याचे दफन झाले. आयर्लंडमध्ये लॅरी कनिंगहॅम या गायकाने त्याच वर्षी त्याला वाहिलेली गीतरूप श्रद्धांजली एवढी गाजली की ती ब्रिटनच्या क्रमवारीतही दाखल झाली.

येथून पुढची कथा मेरीची आहे. रीव्ह्जने अप्रकाशित ध्वनिफितींचा मोठा साठा मागे ठेवला होता. एकदम बाजारात ओतून चार दिवसांची कमाई करणे सोपे होते. मेरीने आणि कंपनीने तो वर्षानुवर्षे पुरवून वापरला. ‘डिस्टंट ड्रम्स’ हे त्यांतलेच. सिंडी वॉकर या गीतकर्तीसाठी केवळ नमुना म्हणून त्याने ते गाऊन ठेवले होते. वाद्यमेळाची जोड मृत्यूनंतर देण्यात आली. दूरवर रणवाद्ये वाजत असल्याने युद्धावर जाण्यापूर्वी विवाह उरकून घ्यावा, अशी प्रेयसीला विनवणी करणारे ते गीत व्हिएतनाम युद्धाच्या काळात लोकांच्या मनाला भिडले. १९६७ मध्ये कंट्री संगीताच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचा समावेश झाला. १९७५ मध्ये त्याच्या ४० गाण्यांचा संग्रह ब्रिटनमध्ये पुन्हा अग्रस्थानी गेला. मेरी १९९९ मध्ये निवर्तली.

रीव्ह्जने कंट्री संगीताचा मातकट वास धुऊन काढला, असा आक्षेप जुन्या वळणाच्या जाणकारांनी त्याच्या शैलीवर घेतला आणि तो अगदीच निराधार नाही. हँक विल्यम्सच्या आवाजातली जखम रीव्ह्जच्या आवाजात नाही, तिथे जखमेवरची फुंकर आहे. पण याच फुंकरीमुळे टेक्सासच्या शेतमजुराचे दुःख ऑस्लोच्या दिवाणखान्यात आणि आयर्लंडच्या नृत्यगृहात आपलेसे झाले. १९६९ मध्ये लंडनच्या वेम्बली येथे कंट्री संगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा त्याला लागणारा श्रोतृवर्ग घडवण्यात रीव्ह्जच्या तबकड्यांचा वाटा होताच. गोव्यातील आणि वांद्र्यातील ख्रिस्ती घरांतही नाताळच्या दिवसांत त्याची गाणी दीर्घकाळ वाजत राहिली.

चेंडूफेकीत दुखावलेल्या मज्जातंतूने एक खेळाडू हिरावला आणि रेडिओ केंद्रावरच्या नोकरीने एक गायक घडवला. त्या गायकाला अमेरिकेतील अनेकांनी कालांतराने जुन्या जमान्याचा म्हणून बाजूला ठेवले. युरोपने मात्र त्याला जपून ठेवले. नॉर्वेच्या दूरचित्रवाणीने ऑस्लोतील ती चित्रफीत पुढे अनेकदा पुन्हा दाखवली आणि प्रत्येक वेळी टेक्सासचा तो शांत माणूस तितक्याच हलक्या आवाजात गात राहिला.