विश्लेषण : २१ व्या वर्षी गेलेला एडी कॉक्रन ब्रिटनला जास्त का कळला?

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत कंट्री आणि रिदम अँड ब्लूज यांच्या मिश्रणातून ‘रॉकबिली’ तयार झाले. त्यातला एल्विस प्रेस्ली सगळ्यांना ठाऊक असतो. एडी कॉक्रन मात्र अमेरिकेत जेमतेम एका गाण्यापुरता उरला.

कोण होता एडी?

जन्म ३ ऑक्टोबर १९३८, मिनेसोटातील अल्बर्ट ली. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात आले. हँक कॉक्रनसोबत त्याने ‘कॉक्रन ब्रदर्स’ ही जोडी केली. दोघांचे नाते फक्त आडनावापुरते! १९५६ च्या ‘द गर्ल कान्ट हेल्प इट’ चित्रपटात त्याने ‘ट्वेंटी फ्लाइट रॉक’ गायले. लिबर्टी कंपनीला मात्र त्याच्यात किशोरींना आवडणारा गोड गायक दिसला. हयातीत निघालेल्या त्याच्या एकमेव अल्बममध्ये बहुतेक संथ प्रेमगीतेच आहेत.

खरी कमाल कशात?

ध्वनिमुद्रणात. गिटारच्या मानेकडचा पिकअप काढून त्याने गिब्सनचा पी-९० बसवला आणि तिसरी तार गुंडाळी नसलेली लावली. ती सहज ताणता येते. आधीच्या मुद्रणावर नवा थर चढवणे, म्हणजे ओव्हरडबिंग, हा त्याचा आवडता उद्योग. आज फोनवरच्या ॲपमध्येही हे जमते. तेव्हा टेपच्या प्रत्येक नकलेत खरखर वाढायची, त्यामुळे काम जोखमीचे. १९५८ च्या ‘समरटाइम ब्लूज’मध्ये वैतागलेला पोरगाही तोच आणि जाड आवाजातला साहेबही तोच. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेले हे गाणे अमेरिकेत आठव्या क्रमांकावर पोहोचले.

शेवट कसा झाला?

फेब्रुवारी १९५९ मध्ये विमान अपघातात बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर गेले. पहिले दोघे एडीचे मित्र. त्याने लगेच ‘थ्री स्टार्स’ हे श्रद्धांजली गीत मुद्रित केले. १९६० मध्ये तो जीन व्हिन्सेंटसोबत ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. १६ एप्रिलच्या रात्री चिपनहॅमजवळ त्यांच्या टॅक्सीला अपघात झाला. दुसऱ्या दिवशी बाथच्या रुग्णालयात एडीचा मृत्यू झाला.

त्यानंतर ‘थ्री स्टेप्स टू हेवन’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. अमेरिकेच्या मुख्य यादीत त्याला जागाही मिळाली नाही. ब्रिटिश पोरांनी त्याला आधीच हेरले होते. ६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या वूल्टनमध्ये पॉल मॅकार्टनीने जॉन लेननला पहिल्याच भेटीत ‘ट्वेंटी फ्लाइट रॉक’ वाजवून दाखवले. त्याला सगळे शब्द पाठ होते, याचे लेननला विशेष वाटले. थोड्याच दिवसांत पॉल त्याच्या बँडमध्ये होता.