झुरिक शहराची मालकीण

मी एका बाईची माहिती लिहीत आहे. ती राणी नव्हती, तरी एका शहराची मालकीण होती. तिचे नाव काथारिना फॉन झिमर्न.

तिचा जन्म १४७८ साली जर्मनीत मेसकिर्ख येथे झाला. बाप मोठा सरदार. पण १४८८ मध्ये त्याच्यावर बादशहाची खप्पामर्जी झाली. जमीनजुमला गेला, घरदार उघड्यावर पडले. मग काथारिनाला आणि तिच्या बहिणीला स्वित्झर्लंडातील झुरिक शहरात ख्रिस्ती जोगिणींच्या मठात ठेवले. मठाचे नाव फ्राउम्युन्स्टर. तो ८५३ साली लुडविग राजाने स्थापन केला होता.

आता गंमत ऐका. या मठाची जी मुख्य, तीच कागदोपत्री शहराची धनी! नाणी पाडण्याचा हक्क तिच्या नावावर. पण काथारिनाच्या काळात खरा कारभार नगरसभा बघायची. म्हणजे सातबारा एकाचा आणि वहिवाट दुसऱ्याची, तसंच झालं म्हणा ना!

१४९६ साली काथारिना मठाची मुख्य झाली. वय फक्त १८ वर्षे! आपल्याकडे त्या वयाला बारावीचा पेपर लिहितात. तिने २८ वर्षे मठ सांभाळला.

१५१९ मध्ये झ्विंग्ली नावाचे धर्मोपदेशक झुरिकला उपदेश करू लागले. त्यांना धर्मात सुधारणा हवी होती. शहरात दोन तट पडले. मठ राहणार की जाणार, असा प्रश्न आला. काथारिनाने मनात आणले असते तर जुन्या मताच्या शेजाऱ्यांना मदतीला बोलावता आले असते. मग मारामाऱ्या झाल्या असत्या. तिने तसे केले नाही. डिसेंबर १५२४ मध्ये तिने मठ, जमिनी, सगळे हक्क शहराच्या स्वाधीन केले. जवळजवळ पावणेसातशे वर्षांची सत्ता एका कागदावर संपली. लहानपणी घर गेले, आता हेही गेले. पण या वेळी तिने ते स्वतः दिले, हे मला फार मोठे वाटते.

शहराने तिला जन्मभर पुरेल असे उत्पन्न दिले. पुढच्याच वर्षी तिने एबरहार्ड फॉन रायशाख या लढवय्याशी लग्न केले. १५३१ साली काप्पेलच्या लढाईत तो झुरिकच्या बाजूने लढताना पडला. काथारिना १५४७ मध्ये वारली.

मठाच्या इमारती १८९८ साली पाडल्या. चर्च मात्र उभे आहे. तिने करून घेतलेल्या कोरीव लाकडी खोल्या झुरिकच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.