सागरतळाचा प्रवासी : झाक कुस्तो

झाक कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये झाला. नौदलात शिरून वैमानिक व्हावे, ही त्यांची मोठी आकांक्षा; परंतु १९३६ साली मोटारीच्या अपघातात त्यांचे हात जायबंदी झाले आणि ती आशा खुंटली. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून ते तूलाँच्या समुद्रात पोहू लागले. तेथे एकदा जलचष्मा लावून त्यांनी पाण्याखाली पाहिले मात्र, त्या अपरिचित सृष्टीने त्यांना कायमची भुरळ घातली.

पण तेथे विहार करावयाचा, तर श्वास कोठून आणावा? पाण्यात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. छातीत जाणारी हवाही तितक्याच दाबाची नसली, तर श्वास घेताच येत नाही. एमिल गान्याँ ह्या एंजिनियराने युद्धकाळात गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठी एक झडप केली होती. तिच्यात फेरफार करून दोघांनी अशी योजना केली की, श्वास ओढताच पाठीवरील नळकांड्यातून हवी तेवढीच हवा योग्य दाबाने मिळावी. मार्न नदीतील पहिल्या चाचणीत, उभे राहिले की हवा भसाभस वाया जाई आणि डोके खाली केले की श्वास कोंडे. उच्छ्वासाची वाट झडपेपासून दूर असल्याचा तो परिणाम होता. ती झडपेशेजारी आणताच दोष गेला आणि १९४३ च्या जूनमध्ये कुस्तो भूमध्य समुद्रात माशाप्रमाणे स्वच्छंद विहरले.

पुढे ‘कॅलिप्सो’ नावाची, पाणसुरुंग काढणारी जुनी बोट घेऊन ते तांबड्या समुद्राच्या उष्ण पाण्यात शिरले. १९५५ च्या सुमारास तेथे त्यांना ‘थिसलगॉर्म’ ही बुडालेली ब्रिटिश आगबोट सापडली. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी बाँब टाकून ती बुडविली होती. त्या हल्ल्यात नऊ माणसे प्राणांस मुकली. इजिप्तमधील सैन्यासाठी निघालेले तिचे सामान सुमारे ३० मीटर खोल तसेच पडून होते : लॉऱ्या, बंदुका, ओळीने उभ्या केलेल्या मोटारसायकली. त्यांच्यामधून आता मासे फिरत होते.

ही दृश्ये १९५६ साली चित्रपटातून जगाने पाहिली. कान येथील महोत्सवात त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मात्र त्याच चित्रपटात सुरुंगाने प्रवाळ उडविल्याची व शार्क मासे मारल्याचीही दृश्ये आहेत. ज्या समुद्रावर जीव जडला, त्याचीच ही हानी! पुढे कुस्तोंची दृष्टी पालटली. १९६० साली भूमध्य समुद्रात किरणोत्सर्गी कचरा टाकण्याचा बेत झाला, तेव्हा त्याविरुद्ध लोकमत जागे करण्यात ते अग्रभागी होते.

२५ जून १९९७ रोजी पॅरिस येथे ते निवर्तले. थिसलगॉर्मवर दूरदेशींचे हौशी पाणबुडे त्याच उपकरणाच्या सुधारलेल्या रूपाने उतरतात. वरच्या बोटींचे दोर तिला बांधल्यामुळे तिची बरीच मोडतोड झाली आहे.